जसं होतं तसं

"सगळं पहिल्यासारखं होईल" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. भांडण मिटवायला आलेले म्हणतात, आजाऱ्याला भेटायला आलेले म्हणतात. परवा आमच्या बिल्डिंगची गळती काढायला आलेला कंत्राटदार भिंतीत छिन्नी घालता घालता तेच म्हणाला. मी त्याला विचारलं, "आधी कशी होती ते बघून ठेवलंय का?" तो माझ्याकडे बघतच राहिला. त्या बिचाऱ्याची काय चूक! तो प्रश्न माझा नव्हताच, शिरसाटांचा होता. माझ्या तोंडी तो बसलाय एवढंच.

विलास शिरसाट आणि मी नवी मुंबईत महाप्याच्या एका कंपनीत बरोबर होतो, नव्वदच्या दशकातली मधली काही वर्षं. कंपनी कसली, दोन मजले, एक सारखा बंद पडणारा जनरेटर आणि दारावर पितळी पाटी. तळोज्याच्या केमिकल कारखान्यांत वाफ, पाणी, अॅसिड यांचे व्हॉल्व्ह उघडझाप करायला कॉम्प्युटर बसायला लागले होते. त्या कॉम्प्युटरांचे प्रोग्राम आम्ही करायचो. म्हणजे ते करायचे. मी तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि वर त्यांचेच टोमणे ऐकायचे, असं ते माझं काम. राहायलाही आम्ही एकाच सोसायटीत शेजारी शेजारी होतो, कोपरखैरण्याला. त्यामुळे हा माणूस मला दोन्हीकडून दिसला.

परभणीकडचे. उंच, हडकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. बोलणं शुद्ध ठेवायचे, पण चिडले की गाव बाहेर यायचं. "कामून हात लावला? काय करायलात तुम्ही?" आणि चिडायचे कशावर, तर त्यांच्या कीबोर्डवर काम करून कुणी कॅप्स लॉक चालू ठेवून गेलं, यावर. अख्खा मजला डोक्यावर घ्यायचे. मवाळ, सोशिक वगैरे माणूस नव्हता तो. आमच्या ऑफिसात त्यांच्याशी ज्याचं भांडण झालं नाही असा फक्त भिंतीवरचा पंखा.

त्यांचा पहिला दिवस मला लख्ख आठवतो. त्यांना दिलेलं टेबल डुगडुगत होतं. त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्याचा तुकडा फाडला, घड्या घातल्या, पण पायाखाली सारायच्या आधी मला बोलावलं. ओळख ना पाळख.

"मॅडम, नाव काय तुमचं?"

"राणे."

"राणेबाई, हे टेबल हलवून बघा. बघितलं? आधी असं होतं."

"मग मी काय करू?"

"लक्षात ठेवा. दोघांनी बघितलेलं बरं असतं."

मला वाटलं, आली स्वारी! आणखी एक वेडा भरती झाला. पुढे कळलं की हे वेड सगळीकडे पसरलेलं आहे. माझा स्टेपलर नेला, तर अडकलेला नेला आणि अडकलेलाच परत आणून ठेवला. मी म्हटलं, "अहो, पिन काढली असतीत तर हात झडला असता का?" तर म्हणे, "तुम्ही दुरुस्त करायला दिला होता का?" एकदा पावसात माझी छत्री नेली. दुसऱ्या दिवशी दारात उभे. "राणेबाई, छत्री ओली होती, आता वाळली. ओली करून देऊ?" चेहरा गंभीर. हसू फक्त चष्म्याच्या आत, डोळ्यांत. त्यांची थट्टा कुठली आणि खरं कुठलं ते ओळखायला मला वर्ष गेलं.

सोसायटीत तर एकदा रामायण झालं. शिरसाट अँटेना फिरवायला गच्चीवर गेले. गच्चीचं दार नियमाने बंद असायला हवं, ते उघडं होतं. हे गेले, अँटेना फिरवली, दार उघडंच ठेवून खाली आले. आमचे सेक्रेटरी जिन्यातच भेटले. "शिरसाटसाहेब, दार कोण लावणार? शिकलेसवरलेले तुम्ही!" शिरसाट म्हणाले, "उघडं होतं, उघडं ठेवलं. कुणीतरी कशासाठी तरी उघडलं असेल." सेक्रेटरी तणतणत वर गेले, दार लावलं, कडीला कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकून वाशीला निघून गेले. पाण्याच्या टाकीमागे तिसऱ्या मजल्यावरच्या काकू कुरडया घालत बसल्या होत्या. भर उन्हात दोन तास दार बडवत होत्या बिचाऱ्या. संध्याकाळी त्या सेक्रेटरींना काय काय म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण ऐकायला अख्खी सोसायटी जिन्यात होती. शिरसाट तेवढे घरात बसून चहा पीत होते.

त्यांची बायको सुमन. तिनेच मला एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितलं. मी सहज थट्टेने म्हटलं होतं, "तुमच्या नवऱ्याला हे जसंच्या तसं ठेवण्याचं खूळ कुठून लागलं हो?" ती चिमटे लावत म्हणाली, "शाळेतून. त्यांच्या गावच्या शाळेत माठ होता ना, आमच्या लोकांनी हात लावायचा नाही. मास्तर जेवायला गेले की हे प्यायचे. पेला ज्या अंगानं तिरका असेल, त्याच अंगानं परत ठेवायचे. झाकणसुद्धा. चार वर्षं प्यायले, कुणाला कळलं नाही." ती हसली. "पाचवीला एकदा कळलं. दुसऱ्याच कुणी माठ फोडला होता. पण हात यांचा, म्हणून मार यांना." मी हातातला कपडा उगाच पुन्हा झटकला. एवढं कळलं की या माणसाचं आयुष्याकडे एकच मागणं आहे. मी हात लावला आणि काही बिघडलं, असं कुणी म्हणू नये. बस.

आणि नेमकं काम कुठलं मिळावं? जिथे कुणालाच हात लावायची परवानगी नाही तिथे हात घालण्याचं.

कॉम्प्युटरच्या पोटात एक मुख्य प्रोग्राम असतो. कर्नल म्हणतात त्याला. बाकीचे सगळे त्याच्या हुकुमात. या कर्नलची जी पानं मेमरीत असतात, त्यांना कुलूप असतं. वाचा, पण लिहायचं नाही. जुन्या थ्री-एटी-सिक्स मशीनवर हे कुलूप बाकीच्यांपुरतंच होतं, कर्नल स्वतः त्यातून खुशाल आरपार जायचा. फोर-एटी-सिक्स आलं आणि ते कर्नललाही लागू करता यायला लागलं. तळोज्याला आम्ही तेच बसवत होतो. शिरसाट करत होते डीबगर, म्हणजे चालत्या कर्नलच्या आत शिरून तो कुठे अडखळतो ते बघण्याचं टूल. कारखाना काही आपल्यासाठी बंद ठेवत नाहीत, त्यामुळे सगळं चालू असतानाच बघायचं. बघायचं तर कर्नलला हव्या त्या ठिकाणी थांबवायला हवं, थांबवायचं तर तिथे खुणेचा एक बाइट लिहायला हवा. एक अक्षर म्हणा ना. आणि ती जागा नेमकी कुलपातली.

मी म्हटलं, "त्यात काय एवढं! कुलूप काढा, लिहा, कुलूप लावा. मध्येच कुणी तडमडू नये म्हणून तेवढा वेळ सगळ्यांना गप्प बसवा."

कॉम्प्युटरमध्ये सारखं कुणीतरी मध्ये बोलत असतं. घड्याळ बोलतं, कीबोर्ड बोलतो, कारखान्यातला सेन्सर बोलतो. त्यांना क्षणभर गप्प करता येतं, एवढं मलाही ठाऊक होतं.

शिरसाट खुर्चीतून अर्धे उठले. "अन् मग?"

"मग काय, काम झालं की सांगायचं, बोला आता."

"राणेबाई, घरात लेकरू झोपलंय. तुम्ही त्या खोलीत कपाटातून काहीतरी घ्यायला गेलात. घरातल्यांना सांगितलं, गप्प बसा. कपाट उघडलं, वस्तू घेतली, कपाट लावलं, अन् जाताना म्हणालात, बोला आता. बरोबर?"

"बरोबर."

"अन् ते आधीपासूनच गप्प असले तर? लेकराच्या आईनं त्यांना गप्प बसवलेलं असलं तर? ती तिथंच बसून झोपलेल्या लेकराच्या पायातला काटा काढायलीय. सुई आत आहे. अन् तुम्ही तुमचं काम उरकून 'बोला आता' म्हणून मोकळ्या! कुणाला विचारून?"

मला त्या क्षणी गच्चीचं दार आठवलं, आणि पेलाही.

त्यांच्या टूलमध्ये म्हणून सगळ्यात आधी दोन गोष्टी टिपल्या जायच्या. मध्ये बोलणारे आत्ता बोलताहेत की गप्प आहेत? कुलूप आत्ता लागलेलं आहे की उघडं? मग सगळ्यांना गप्प करायचं, कुलूप काढायचं, ते एक अक्षर लिहायचं, लिहिलं गेलं का ते वाचून बघायचं, आणि दोन्ही गोष्टी जशा होत्या तशा करायच्या. चालू करायचं नाही, बंद करायचं नाही. होतं तसं. आणि आत कुणी नाजूक कामात अडकलेलं दिसलं, तर टूल लिहायलाच नकार द्यायचं. पडद्यावर निरोप यायचा, 'आत्ता नाही.'

हा निरोप त्यांना फार आवडायचा. स्वतःच्या पोरानं पहिला शब्द बोलावा तसे ते त्याकडे बघायचे.

आमचे सेक्शन हेड होते सबनीस. गोड माणूस. इतका गोड की मुंग्या लागाव्यात. कुणाच्याही खांद्यावर हात ठेवूनच बोलायचे. तळोज्याच्या एका कारखान्याचे लोक टूल बघायला आले त्या दिवशी त्यांनी नवीन टाय लावला होता. शिरसाटांनी टूल चालवलं, पहिली खूण लागली, दुसरी लागली, तिसरीला निरोप आला, 'आत्ता नाही.' पुन्हा दाबलं. 'आत्ता नाही.' पाहुण्यांपैकी एक जाडे गृहस्थ हसले, "मग कधी म्हणते ही? मुहूर्त काढायचा का?" सगळे हसले. सबनीस सगळ्यांत मोठ्याने हसले, आणि पाहुण्यांना गाडीपर्यंत सोडून वर आले तेव्हा टाय सैल केलेला होता.

"शिरसाट, टूलनं नाही म्हणायचं नसतं हो. कस्टमर 'हो' ऐकायला येतो."

"डॉक्टरपण ताप असला तर ऑपरेशनला नाही म्हणतो."

"तुम्ही डॉक्टर नाही आहात."

"अन् तुम्ही पेशंट नाहीत, म्हणून तुम्हाला असं सुचायलंय."

सबनीसांनी त्यांच्या खांद्यावरचा हात काढून घेतला. माझ्यासमोर झालं हे. मला फार मजा वाटली होती तेव्हा. आग लागो त्या मजेला.

पुढे उन्हाळ्यात शिरसाट बहिणीच्या लग्नाला गावी गेले. परत आले त्याच सकाळी सबनीसांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून फ्लॉपी हातात दिली. तळोज्याला आकडे उड्या मारताहेत, ताबडतोब जा. शिरसाट बॅग तशीच खांद्याला ठेवून गेले. फ्लॉपीवर त्यांचंच टूल होतं, त्यांच्याच नावाचं, आवृत्तीचा आकडाही तोच. स्वतःच्या घरात शिरताना कोण विचारतं, आधी कसं होतं म्हणून?

त्या कारखान्यात पाटील नावाचे ऑपरेटर होते. जवळच्याच गावचे, घरची जमीन प्रकल्पात गेली त्या बदल्यात नोकरी लागलेली. आकडे उड्या मारत होते ते वाफेच्या पाइपावरचे, म्हणून वाफेचा व्हॉल्व्ह बंद करून पाइपातली कचरा अडवणारी जाळी साफ करायची असं ठरलं. व्हॉल्व्ह बंद करण्याचं काम कॉम्प्युटरचं. ते चालू असताना तो सगळ्यांना गप्प बसवतो, कारण ते अर्ध्यावर तुटून चालत नाही. त्याच वेळी कंट्रोल रूममध्ये शिरसाटांनी खूण लावायला बटण दाबलं. त्यांचं टूल असतं तर म्हणालं असतं, 'आत्ता नाही.' हे टूल काही म्हणालं नाही. मुकाट्याने आत शिरलं, कुलूप काढलं, अक्षर लिहिलं, कुलूप लावलं आणि सगळ्यांना सांगितलं, बोला आता. सगळे एकदम बोलले. व्हॉल्व्हचं काम मध्येच सुटलं. पडद्यावर आलं, बंद. व्हॉल्व्ह होता अर्धा उघडा. पाटलांनी पडदा बघितला आणि जाळीचं झाकण काढलं.

उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

दुसऱ्या दिवशी शिरसाट माझ्या टेबलाशी आले. ती फ्लॉपी पुढे ठेवली. "राणेबाई, बघा." आम्ही दोघांनी त्यांची मूळ प्रत आणि ही शेजारी शेजारी लावली. आधीचं टिपून ठेवण्याच्या ओळी गेल्या होत्या. नकार देण्याचा भाग गेला होता. शेवटी सरळ एकच हुकूम, चालू. बदल सबनीसांनीच केला होता, हे ते नंतर स्वतःच बोलून गेले. "शेवटी चालूच करायचं असतं ना हो? मग एवढा द्राविडी प्राणायाम कशाला!" असं. मला वाटलं, आता शिरसाट आकाशपाताळ एक करणार. कॅप्स लॉकवरून मजला दणाणून सोडणारा माणूस! ते खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि म्हणाले, "मी विचारलं नाही. साऱ्या दुनियेला विचारत फिरतो, अन् माझ्या फ्लॉपीला विचारलं नाही."

"अहो, पण बदल तुम्ही केला नाहीत!"

"बटण मी दाबलं ना."

त्या संध्याकाळी ते हॉस्पिटलात गेले, मीही बरोबर गेले. पाटील पडून होते, हात पांढऱ्या गुंडाळीत. डोक्याशी त्यांची बायको बसली होती. शिरसाट पायाशी उभे राहिले. पाटलांनी त्यांच्याकडे मान वळवली.

"सायेब, मना खरा सांगा. बटन कोनी दाबला?"

"मी दाबलं."

मी पुढे होऊन सांगायला लागले, टूल बदललेलं होतं, यांना माहीत नव्हतं. शिरसाटांनी मला हातानेच थांबवलं. पाटलांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बरा झाला आलं तुमी. समोर येऊन बोलतं तो मानूस हाय. बाकीचं तं कोन आलंच नाय." बायको मात्र तोंड फिरवून बसली. तिचं बरोबरच होतं. तिला आमच्या कुणाचंच तोंड बघायचं नव्हतं.

कंपनीत मीटिंग झाली. वरचे साहेब, कारखान्याचे दोघे, सबनीस, शिरसाट आणि तपासणारी म्हणून मी. सबनीसांनी वकिलाच्या वर ताण केली. त्यांनी फक्त दोनच प्रश्न विचारले, आणि दोन्ही अगदी हळुवार आवाजात.

"शिरसाट, हे टूल तुमचं?"

"माझं."

"त्या वेळी बटण कुणी दाबलं?"

"मी."

"थँक यू."

मी उठून उभी राहिले. सगळं सांगितलं. कुठल्या ओळी गेल्या, कुणी काढल्या, का काढल्या, 'कस्टमर हो ऐकायला येतो' हे वाक्यसुद्धा सांगितलं. आवाज चढला असेल माझा, चढू दे. वरच्या साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "राणे मॅडम, टेक्निकल तपशिलात आत्ता नको जायला." तेवढ्यात चहा आला. माझं बोलणं चहाबरोबर सगळ्यांच्या पोटात गेलं. शिरसाट काही बोलले नाहीत. जे विचारलं त्याचं खरं उत्तर त्यांनी दिलं होतं. जे कुणी विचारलंच नाही ते आपण होऊन सांगणं म्हणजे त्यांना बहुतेक त्या मास्तरांपुढे उभं राहून 'माठ मी नाही फोडला' म्हणण्यासारखं वाटलं असावं. ते एकदा म्हणून झालं होतं त्यांचं.

दोन दिवसांनी कँटीनमध्ये माझ्या मागच्या टेबलावर कुणीतरी म्हणालं, "माणूस हुशार होता हो, पण शेवटी कसं असतं ना..." आणि वाक्य तिथेच सोडलं. आपल्याकडे हे वाक्य नेहमी तिथेच सोडतात. पुढचं सगळ्यांना पाठ असतं. शिरसाट समोरून ताट घेऊन येत होते. त्यांनी ते ऐकलं, ताट जिथून उचललं होतं तिथे परत ठेवलं आणि बाहेर गेले. मी मागे वळून त्या माणसाला जे बोलले त्यावरून पुढे माझं वर्षभर कुणाशी पटलं नाही. मला त्याचं काही दुःख नाही.

शिरसाटांकडून राजीनामा घेतला. शेवटच्या दिवशी वॉचमन त्यांच्या टेबलाशी उभा केला होता, न जाणो जाता जाता कॉम्प्युटरमध्ये काही करून ठेवतील म्हणून! शिरसाटांनी कॉम्प्युटरला बोटसुद्धा लावलं नाही. ते खाली वाकले, टेबलाच्या पायाखालचा पुठ्ठा ओढून काढला, झटकला आणि खिशात घातला. मग मला हाक मारली.

"राणेबाई, हलवून बघा."

मी टेबलावर हात ठेवला. टेबल डुगडुगलं.

"आधी असंच होतं ना?"

"असंच होतं," मी म्हटलं. मला रडू आवरेना. वॉचमन बावरून दुसरीकडे बघायला लागला.

सुमनने त्यांना किती समजावलं! आमच्या घरात भिंतीपलीकडून ऐकू यायचं. "एकदा तरी बोला की तुम्ही! कोर्टात जा, पेपरात द्या!" यांचं उत्तर ऐकू यायचं नाही. ठिकठिकाणी मुलाखती दिल्या त्यांनी. पण ह्या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि सबनीस फोनवर फार गोड बोलत. मग त्यांनी कोपरखैरण्याची जागा सोडली आणि ऐरोलीला गेले. मी कंपनीतच राहिले. मला त्याची लाज वाटत नाही. लाज ज्यांना वाटायला हवी होती त्यांना बढती मिळाली होती.

वर्ष-दीड वर्षाने दुसऱ्या एका कारखान्यात कॉम्प्युटरचं काम तसंच मध्येच सुटलं. नशिबाने जवळ कुणी नव्हतं. पण तिथला इंजिनिअर खमका निघाला, त्याने टूल उघडून नेमकी ओळ दाखवली आणि विचारलं, हे लिहिणारा गाढव कोण? सबनीसांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"मॅडम, शिरसाटांशी तुमचे संबंध चांगले आहेत. त्यांना म्हणावं, झालं गेलं गंगेला मिळालं. या परत. तीच पोस्ट, तेच टेबल. सगळं पहिल्यासारखं होईल."

त्या माणसाच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटलं मला. पण खरं सांगते, मनातून आनंदही झाला. शिरसाट परत यावेत असं मला फार वाटत होतं. मी रविवारीच ऐरोलीला गेले.

तळमजल्यावर एक गाळा, बाहेर 'कॉम्प्युटर क्लास आणि लग्नपत्रिका'. आत तीन जुनी मशीन. भिंतीशी एक स्टूल थोडं तिरकं ठेवलेलं होतं, तेच पुढे ओढून त्यांनी मला बसायला दिलं. शिरसाट अजूनच वाळले होते. चष्म्याचा दोरा तोच. पडद्यावर कुणाची तरी पत्रिका होती, गणपती कोपऱ्यात बसवायचं चाललं होतं. मी सबनीसांचा निरोप सांगितला, एकही शब्द न बदलता. शिरसाट गणपती इकडे तिकडे सरकवत ऐकत होते.

"टेबल डुगडुगतंय का अजून?"

"डुगडुगतंय."

"पुठ्ठा आहे माझ्याकडं," ते म्हणाले. हसले. चष्म्याच्या आतलं ते जुनं हसू. मला वाटलं, येतात हे. येणारच.

मग त्यांनी विचारलं, "पाटलाचा हात कसा आहे?"

ते पाटलांकडे जाऊन येत होते, हे सुमनने मला सांगितलं होतं. त्यांना माझ्याआधीच सगळं माहीत होतं. पाटलांची बोटं मिटत नव्हती. घास डाव्या हाताने घेत होते.

"तेवढा आणा, राणेबाई. आधी होता तसा. तुमच्या सबनीसांना सांगा, हात घेऊन या. मी उद्याच्या उद्या पुठ्ठा घेऊन येतो."

आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं, मी त्यांच्याशी भांडले तरी असते. मी पिशवी उचलली. त्यांनी दारापर्यंत येऊन "सांभाळून जा" म्हटलं आणि आत वळले.

रस्ता ओलांडून मी मागे बघितलं. शिरसाटांनी मी बसलेलं स्टूल उचललं आणि भिंतीशी नेऊन ठेवलं. दोन पावलं मागे सरकून पाहिलं. मग परत पुढे गेले, वाकले आणि ते थोडं तिरकं केलं. मी आले तेव्हा ते तसंच होतं.